दोन चाकांची आडवाट



मागे एका लेखांकात आम्ही जुन्नरच्या लेण्यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर कल्याणहून एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात की आमचे मूळ गाव जुन्नर तालुक्यातले, पण मुलांना लेण्याद्री म्हणजे अष्टविनायकांतला एक गणपती एवढेच ठाऊक आहे. गाडी भाड्याने करून सारे कुटुंब न्यायचे तर महिन्याचा किराणा त्यात जातो. गावी दिराची सायकल आहे, पुतण्याची आहे. सायकलवरून लेणी पाहता येतील काय? पण रस्त्याची भीती वाटते.

ताई, येतील. आणि भीती वाटते ती खोटी नाही. आधी भीतीचेच सांगतो.

चार वर्षांपूर्वी आम्ही पाच जण रविवारी सकाळी सायकली घेऊन निघालो होतो. नारायणगावहून मंचरकडे, सरळ पुणे-नाशिक महामार्गाने. आम्हाला तोच एक रस्ता माहीत होता. आमच्यातला एक मित्र बाजार समितीत हमाली करतो. अंगाने दणकट, सायकल चालवण्यात आम्हा सर्वांचा गुरू. तो सर्वांत मागे होता. एका टेम्पोचा फाळका त्याच्या हँडलला घासून गेला आणि तो रस्त्याच्या कडेला चारीत पडला. टेम्पो थांबला नाही. पायाचे हाड मोडले, आत सळी टाकावी लागली, पाच महिने कामावर जाता आले नाही. रोजावर काम करणाऱ्याचे पाच महिने म्हणजे काय ते आमच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही वर्गणी काढली. वर्गणीने औषध येते, घर चालत नाही. वहिनींनी दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्हाला एकच प्रश्न विचारला, ‘‘भाऊजी, फिरायलाच निघाला होतात ना? मग त्या मरायच्या रस्त्याला कशाला गेलात?’’

आम्हाला उत्तर देता आले नाही. पण प्रश्न खरा होता. कामावर जायचे असते तर नाइलाज होता. फिरायलाच जायचे तर रस्ता आपण निवडायचा असतो, आणि तो निवडण्याची अक्कल आम्हाला नव्हती.

तेव्हापासून आम्ही एक वही ठेवली आहे. कारकुनाची खोड म्हणा. सुट्टीच्या दिवशी एकेका रस्त्याला जायचे, झाडाखाली अर्धा तास बसायचे आणि किती गाड्या गेल्या ते मांडायचे. डांबर कसे आहे, कडेला उतरायला जागा आहे की लगेच चारी आहे, पाणी कुठे मिळते, पंक्चर काढणारा शेवटचा कुठे बसतो, एसटी केव्हा येते. मोबाईलमधला नकाशा जवळचा रस्ता दाखवतो. शांत रस्ता कोणता ते त्याला कळत नाही. ते बसूनच कळते.

वही अर्धी भरली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत तीन नद्या सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे येतात. उत्तरेला कुकडी, मधे मीना आणि दक्षिणेला घोड. जुन्नर शहर कुकडीच्या खोऱ्यात, नारायणगाव मीनेच्या काठी, घोडेगाव घोड नदीच्या. प्रत्येक खोऱ्यातून एकेक रस्ता पश्चिमेला वर वर जातो आणि कोकणकड्यापाशी संपतो. खाली कोकणात गाडीने उतरायचे तर उत्तरेकडचा माळशेज घाट सोडला तर या भागात दुसरी वाट नाही. म्हणजे जड गाड्यांना पश्चिमेकडे कामच नाही. जो रस्ता पुढे कुठेच जात नाही त्या रस्त्याला ट्रक कशाला येईल? एसटी, दुधाची गाडी, मास्तरांची मोटारसायकल, एवढेच. म्हणून आमचा नियम झाला की संपणारा रस्ता धरायचा. शिवाय जाताना चढ आणि येताना उतार. दमलेल्या माणसाला घराकडे उतार मिळतो, ही नदीची मेहेरबानी आहे.

या नियमाला दोन अपवाद आहेत. भीमाशंकरचा रस्ताही कड्यापाशी संपतो, पण तिथे देवस्थान आहे. श्रावणात आणि महाशिवरात्रीला त्या रस्त्याला सायकल घेऊन जाऊच नये. दुसरा नाणेघाट. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे मोटारींची रांग लागते. २०१८ साली शासनाने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला, २०२५ साली शिवनेरी किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला. आनंदाची गोष्ट आहे, पण गर्दी वाढली आणि ती शनिवार-रविवारी एकदम येते. ज्यांची साप्ताहिक सुट्टी मधल्या वारी असते त्या कारखान्यातल्या बांधवांनी या बाबतीत स्वतःला भाग्यवान समजावे. एरवी कोण त्यांना भाग्यवान म्हणतो!

आता सायकलींचे. मुंबई-पुण्याहून सायकल आणायची कशी, असा प्रश्न येतो. पूर्वी एसटीच्या टपावर सायकल टाकता येत असे, आता बहुतेक गाड्यांना तो टपच राहिला नाही. पण आमच्या भागातून रोज रात्री भाजीपाल्याचे टेम्पो वाशीच्या बाजारात जातात आणि बरेचसे रिकामे परततात. ओळखीच्या टेम्पोवाल्याशी बोलावे. पोत्याचे बारदान अंथरून पाच सायकली आडव्या झोपतात. नाही तर सरळ गावची सायकल घ्यावी. दिराची, पुतण्याची, शेजाऱ्याची. गिअरची सायकलच हवी असे नाही. चढाला उतरून ढकलण्यात कमीपणा नाही, आमचे निम्मे लेणीदर्शन ढकलूनच झाले आहे.

ब्रेकचे रबर मात्र नवे हवे. याला पर्याय नाही. चढाला जुनी सायकल त्रास देते, पण माणूस पडतो तो उतारालाच. पंप, पान्हा, सोल्युशनची ट्यूब, कापलेली ठिगळे आणि घासायला कानशीचा तुकडा एवढे पिशवीत असावे. या बाजूला बाभळीचे काटे फार. पंक्चर शोधायला बादली नसली तर शेतातला पाट पुरतो, ट्यूब बुडवली की बुडबुडा बोलतो.

नव्या वाचकांना वाटेल की सायकलीचे एवढे कौतुक कशाला. आजची आमची मुले सायकल म्हणजे गरिबी समजतात. कॉलेजात गेल्यावर मोटारसायकल मागतात, हप्त्याने का होईना. त्यांना आम्ही सांगतो की या समाजाची चळवळ सायकलच्या कॅरियरवर बसून गावोगाव गेली आहे. जयंतीची हँडबिले, पावतीपुस्तके, खळीचा डबा आणि भित्तिपत्रके, सारे त्या कॅरियरवर. १९८३ साली मान्यवर कांशीराम यांनी सायकल यात्रा काढून राज्याराज्यांत माणसे जोडली आणि पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १९८४ रोजी, पक्ष उभा केला. ते आधी पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते हे पुष्कळांना ठाऊक आहे.

आमचे वडीलही सायकलनेच हँडबिले वाटत. त्यांच्या हँडलला नेहमी एक पितळी तांब्या बांधलेला असे. लहानपणी आम्हाला वाटे की वडिलांना तहान फार लागते. पुढे कळले की वाटेतल्या गावांत विहिरीवर त्यांना कोणी पाणी घेऊ देत नसे. आज आमच्या सायकलला प्लास्टिकची बाटली आहे आणि ती रिकामी झाली की आम्ही कोणत्याही हापशावर भरतो. अजूनही एखाद्या गावी हॉटेलात चहा पिताना ‘‘कोणाचे म्हणायचे तुम्ही?’’ असा प्रश्न येतो. आम्ही ‘‘बौद्ध’’ असे सांगतो आणि चहा पुरा पितो.

आता वाटा. पहिल्यांदा येणाऱ्याने जुन्नर शहराभोवतीच फिरावे. मुक्काम नातेवाइकांकडे करावा. तीन डोंगरांची लेणी मिळून पंचवीसेक किलोमीटरच्या आत-बाहेर सायकल होते, चढ बेताचा आहे, आठवी-नववीच्या मुलामुलींना सहज जमते. जुन्नरच्या चहूबाजूंच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. एका गावाभोवती एवढी लेणी देशात क्वचितच कुठे असतील.

लेण्याद्री शहरापासून ५ किलोमीटर, कुकडी ओलांडून. जाण्याआधी दिनदर्शिका पाहावी आणि संकष्टी चतुर्थी टाळावी. बौद्धांनी संकष्टी पाहून घराबाहेर पडायचे, असा योग फक्त इथेच येतो! पायथ्यापासून तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, वर जायला पुरातत्त्व खात्याचे तिकीट लागते. सायकली पायथ्याशी एकत्र साखळीने बांधाव्यात.

गणपती आहे ते सातवे लेणे. भला मोठा विहार आहे, मधे एकही खांब नाही आणि भोवताली भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत. तिथे कोणाशी वाद घालू नये. दर्शनाला आलेली माणसे आपल्यासारखीच पायऱ्या चढून दमून आलेली असतात. मुलांना त्या खोल्या दाखवाव्यात, आतली दगडी बाकवजा जागा दाखवावी आणि विचारावे की देवळाला एवढ्या झोपायच्या खोल्या कशाला लागतील? उत्तर मुले देतात. मग शेजारच्या सहाव्या लेण्यात जावे. ते चैत्यगृह आहे. दोन्ही बाजूंना खांबांची ओळ, माथ्यावर प्राणी कोरलेले आणि शेवटी स्तूप. बुद्धमूर्ती शोधू नका. ही लेणी कोरली गेली तेव्हा तथागतांची मूर्ती करण्याचा प्रघात इथे नव्हता, स्तूप हेच वंदनस्थान होते. पुष्कळ मंडळी मूर्ती दिसली नाही म्हणून ‘‘इथे आपले काही नाही’’ म्हणत परत फिरतात. आम्ही स्वतः पहिल्या खेपेला तेच केले होते, हे कबूल करतो.

त्या चैत्यगृहावर लेख आहे. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याने हे चैत्यगृह दान दिले, असा त्याचा अर्थ. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. पत्र लिहिणाऱ्या ताई, तुम्ही कल्याणला राहता म्हणून मुद्दाम सांगतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तुमच्याच कल्याणचा एक माणूस या डोंगराला दान देऊन गेला. त्या काळी कल्याणचा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि त्या मालाबरोबर माणसेही येत. तुमच्या मुलांनी इथे पाहुण्यासारखे येण्याचे कारण नाही.

गेल्या थंडीत आमच्या त्या हमाल मित्राची मुलगी आमच्यासोबत होती. नववीत आहे. विहारात रविवारी तरुण मंडळी धम्मलिपीचा वर्ग घेतात, तिथे ती दोन महिने जात होती. कारकीर्द मोठी नाही, पण तिने मान वर करून बोटाने हवेत अक्षरे गिरवली आणि ‘देयधम’ एवढा एक शब्द सुटा वाचला. देयधम म्हणजे दान. आम्ही इतकी वर्षे त्या लेण्यात जातो, आम्हाला त्या रेघा फक्त रेघा दिसत होत्या. आता आम्हीही वर्गाला बसतो, मुलांच्या मागच्या रांगेत.

मानमोडीचा डोंगर शहराच्या दक्षिणेला, अगदी जवळ. तिथे तीन गट आहेत. भूतलेणी, भीमाशंकर आणि अंबा-अंबिका अशी नावे मागून पडलेली. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने दिलेल्या मंडपाचा आणि पाण्याच्या टाक्याचा लेख इथे आहे, त्यात ४६ हे वर्ष कोरले आहे. चंद नावाच्या यवनाचे दान आहे. म्हणजे ग्रीकांकडून आलेला परदेशी माणूस जुन्नरच्या संघाला दान देत होता आणि संघ ते घेत होता. त्याला कोणी ‘‘कोणाचे म्हणायचे तुम्ही’’ असे विचारून दारात अडवले नाही.

जुन्नरचे लेख वाचताना आम्हाला सर्वांत गोडी लागली ती श्रेण्यांच्या लेखांची. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ, आजच्या भाषेत पतपेढी आणि युनियन एकत्र. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले आहे. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणीकडे पैसे ठेवून त्यातून महिन्याला ठरावीक रक्कम यावी, अशी तजवीज एका लेखात आहे. बांबू सोलणाऱ्या माणसांकडे लोक विश्वासाने ठेव ठेवत होते! ज्या कामांना पुढे हलके ठरवले गेले, त्या कामांची त्या काळी ही पत होती. आणखी एका लेखात करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी जमिनीचे दान आहे. उन्हात सायकल मारत आलेल्या माणसाला त्या दानाचे मोल चटकन कळते.

तुळजा लेणी शहराच्या पश्चिमेला पाडळीच्या बाजूला, पाचेक किलोमीटर. शेवटचा टप्पा पायी. इथले चैत्यगृह गोल आहे. मधे स्तूप, भोवती बारा साधे खांब आणि वर घुमटासारखे छत. गर्दी नसते. आम्हाला विचाराल तर जुन्नरात एकच लेणे पाहायला वेळ असेल तर हे पाहावे. सकाळी तिथे त्रिसरण-पंचशील म्हणताना आवाज घुमतो.

हळू मात्र म्हणावे, आणि अगरबत्ती-मेणबत्ती मुळीच लावू नये. या सर्व डोंगरांच्या कपारीत आग्या मोहोळे असतात. धूर झाला, अत्तराचा वास गेला किंवा पोरांनी दगड मारला की माश्या उठतात, आणि लेण्यातून पळायला जागा नसते. वंदना मनापासून असली की धुराची गरज नाही.

दुसरी वाट नाणेघाटाची. जुन्नरहून आपटाळे, चावंड, घाटघर असे तीस ते पस्तीस किलोमीटर. माणिकडोह धरणाचे पाणी उजव्या हाताला सोबत करते, चावंडच्या किल्ल्याखालून रस्ता जातो, पूर गावी कुकडेश्वराचे जुने देऊळ आहे. थंडीतल्या मधल्या वारी हा रस्ता मोकळा असतो. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आहे आणि गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. त्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई-घोड्यांची, नाण्यांची यादी आहे. इकडे घाटात यज्ञाचा हिशेब आणि तिकडे जुन्नरात भिक्खूंची लेणी, दोन्हींचा पैसा याच एका वाटेने वर चढलेला. एका दिवसात जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर होतात. सवय नसलेल्याने हा हट्ट करू नये, घाटघरला मुक्कामाची सोय विचारून ठेवावी.

तिसरी वाट आंबेगाव तालुक्यातली, आणि तिच्याबद्दल आम्हाला जरा थांबून लिहायचे आहे.

घोडेगावहून डिंभे धरणापर्यंत सोपा रस्ता आहे. धरणापासून भीमाशंकरचा रस्ता सोडून आहुप्याच्या रस्त्याला लागले की गाड्यांचा आवाज थांबतो. डाव्या-उजव्या हाताला जलाशयाची बोटे आत शिरलेली, भाताची खाचरे, हिरड्याची झाडे. आहुपे घोडेगावहून एका बाजूनेच चाळीस किलोमीटरहून जास्त, चढउतार पुष्कळ. तिथे घोड नदीचा उगम आहे, देवराई आहे आणि मग कडा. आमच्या वहीत या रस्त्यापुढे ‘‘उत्तम’’ असा शेरा आम्ही पहिल्याच फेरीत लिहिला होता.

पुढच्या फेरीत तो शेरा आम्हाला टोचू लागला. हे सारे पाणी आहे त्याच्या तळाशी जुने आंबेगाव आहे. तालुक्याला ज्या गावाचे नाव, ते गाव धरणात गेले, नाव तेवढे कागदावर राहिले. धरणाचे पाणी खाली उसाला गेले. वर राहिलेल्या महादेव कोळी बांधवांच्या वाड्यांना उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी पायपीट करावी लागते. आणि याच रस्त्याच्या बाजूला माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा त्या गावावर आला. १५१ माणसे गेली. बातमी बाहेर आली ती एसटीमुळे. सकाळच्या फेरीच्या चालकाला गाव असायच्या जागी चिखल दिसला आणि त्याने खबर दिली. ती फेरी त्या दिवशी आली नसती तर?

२०१७ साली जवळच नवे माळीण वसवले गेले. आम्ही तिथे सायकल उभी करून एका आजींकडे पाणी प्यालो. आम्ही सहज म्हणालो, ‘‘आजी, तुमचा रस्ता फार चांगला, गाड्याच नाहीत.’’ आजी म्हणाल्या, ‘‘गाड्या नाहीत म्हणून तर बाळंतीण वाटेत राहती, बाबा.’’

आम्ही गप्प झालो. आम्ही वहीत ज्याला शांतता लिहीत होतो, ती त्यांच्या घरी न आलेली एसटी होती. दवाखाना दूर, कॉलेज दूर, हिरडा विकायचा तर व्यापारी सांगेल तो भाव. तेव्हापासून आमच्या वहीत एक रकाना वाढला आहे. एसटीच्या फेऱ्या किती आणि ठरल्या वेळी येतात का, हे आम्ही गावकऱ्यांना विचारून लिहितो आणि फेरी बंद पडली असेल तर आगाराला अर्ज पाठवतो. अर्ज लिहिणे आम्हाला येते. दोन अर्जांना उत्तर आले, एक फेरी सुरूही झाली. बाकीच्यांचा पाठपुरावा चालू आहे. या रस्त्याला जाणाऱ्याने आपला शिधा शहरातून भरून नेऊ नये. गावातच सांगून ठेवावे, भाकरी-पिठले मिळते, दोन पैसे त्या घरी राहतात. खाली घोडेगाव-जुन्नरकडे मासवडी मिळाली तर सोडू नये, ही शिफारस धम्माच्या कक्षेबाहेरची समजावी.

पावसाळ्यात मात्र या पश्चिमेच्या वाटांना जाऊ नये. भर पावसात दरडीखालच्या रस्त्याला मोबाईलही लागत नाही. वर्षावासात भिक्खू एका जागी राहत, तोच नियम सायकलवाल्याने पाळावा. आश्विन पौर्णिमेनंतर निघावे, माघापर्यंत फिरावे.

राहिला बिबट्या. पूर्वेकडच्या उसाच्या पट्ट्यात तो आहे, आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत त्याच्या हल्ल्यात माणसे गेली आहेत, लहान मुले गेली आहेत. हा चेष्टेचा विषय नाही. उजाडल्याशिवाय निघू नये आणि दिवस कलण्याआधी मुक्कामाला पोचावे. उसाच्या कडेला पंक्चर काढत खाली वाकून बसू नये, सायकल ढकलत मोकळ्यावर न्यावी. लहान मुले मधे, मोठी माणसे पुढे-मागे, घंटी वाजवत, बोलत जावे. वनखात्याचा १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे दोन क्रमांक मुलांनाही पाठ असावेत. खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती लोकांना पाहायला मिळते. नारायणगावहून सायकलने जाण्याजोगे आहे, पण वाट उसातूनच आहे, म्हणून भर दिवसाच जावे.

आता मित्राचे सांगून थांबतो. पाय बरा झाला तरी तो दोन वर्षे सायकलला शिवला नाही. सायकल पत्र्याच्या भिंतीला टेकून गंजत होती. मुलीने लेण्यातला शब्द वाचून दाखवला, त्यानंतर एका रविवारी तो पाडळीपर्यंत आला. मागे टेम्पोचा आवाज आला की अजून तो उतरून कडेला उभा राहतो. आम्हीही उतरतो.

येत्या माघ पौर्णिमेनंतरच्या रविवारी मीनेच्या खोऱ्यात जायचे ठरले आहे, उच्छिल, इंगळूणच्या बाजूला. सकाळी ऊन पडल्यावर निघायचे, जमेल तिथून परतायचे. हे सांगायला परवा मित्राच्या घरी गेलो. वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी वळून विचारले, ‘‘रस्ता कोणता?’’

आम्ही म्हणालो, ‘‘संपणारा.’’

‘‘मग पोरीची सायकल मला द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिला दुसरी बघा.’’